रबराच्या झाडाची खरड छाटणी

आमची सून पुण्याला निघाली, तेव्हा दारातून मागं वळून म्हणाली, "मामा, रबराच्या झाडाचा शेंडा पंख्याला लागायलाय. तेवढा छाटून घ्या. तुम्हाला काय सांगायचं छाटणीचं."

शेवटचं बोललेलं तेवढं माझ्या डोक्यात बसलं. खरंच मला सांगायची गरज नव्हती. शाळा चौथीत सुटली, पण कात्री हातात आली ती सुटली नाही. जळकोटच्या शिवारात आमची द्राक्षाची बाग आहे, आता धाकटा भाऊ बघतो. माझ्या काळात आजूबाजूचे बागवाले मला गाडी पाठवून न्यायचे आणि म्हणायचे, पहिली काडी तुम्ही कापा. ते सगळं सोडून मी आणि आमची मालकीण धाराशिवात मुलाच्या घरी राहायला आलो. इथं छाटायला काय होतं? बैठकीच्या कोपऱ्यातलं ते एक झाड.

झाड माणसापेक्षा उंच. पानं जाड, पॉलिश केल्यासारखी चमकायची. सून दर रविवारी ओल्या फडक्यानं एक एक पान पुसायची. मला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. ना फूल, ना फळ. खाली बुडातून तीन फांद्या निघालेल्या, त्या कमरेपर्यंत उघड्या आणि सगळा पाला वर. शेती करणाऱ्या माणसाला असलं झाड बघवत नाही.

मुलगा, सून, नातवंडं सगळी गेल्यावर मी कात्रीला धार लावली. दिवस उन्हाळ्याचे, म्हणजे खरड छाटणीचे. या छाटणीत द्राक्षाच्या वेलीवर एक पान ठेवत नाहीत. सगळ्या काड्या डोळा, म्हणजे फुटीची जागा, राखून आखूड करायच्या. नवख्या माणसाला वाटतं बाग मेली. थोड्या दिवसांत डोळे फुगतात आणि अशी फूट निघते की मांडव दिसत नाही. नुसता शेंडा खुडणं हे भित्र्या माणसाचं काम. मी तिन्ही फांद्या कमरेच्याही खाली घेतल्या. जाड फांदीला कात्री पुरेना, तर करवत लावली. एक पान ठेवलं नाही.

दूध मात्र फार गळालं. द्राक्षाची वेल छाटली की पाणी गाळते, ते मला माहीत होतं. हे पांढरं, चिकट, फरशीवर टपटप पडायला लागलं आणि थांबेचना.  तरी मी पुढचं काम सोडलं नाही. छाटलेलं बागेत ठेवायचं नाही, त्यातून रोग पसरतो, हा आमचा नियम. शेंडे, पानं, सगळं गोळा करून घंटागाडीत दिलं. मोरचूद आणि चुना कालवून कापलेल्या तोंडांना निळा लेप लावला.

मालकीण मंदिरातून आली ती उंबऱ्यातच थांबली.

"अवो, हे काय करून ठेवलाव?"

"छाटणी."

"छाटणी का हजामत?"

"फुटंल. जल्मात बाग बघितली न्हाय का?"

"बागंचं राहू द्या तिकडं. तिच्या आईनं दिल्यालं झाड हाय ते! लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आली, तवा बाटलीत फांदी घालून आणली पोरीनं. सगळी वाट एसटीत मांडीवर धरून."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"तुमाला कोण सांगंल? तुमी कवा कुणाचं ऐकताव?"

मी खाली बसलो. सून पुण्याला गेली होती ती आईच्या वर्षश्राद्धाला. तिथं भावाकडं पोरांची सुट्टी काढून मग येणार होती.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. सकाळी चहाच्या आधी चष्मा लावून तिन्ही खुंट खालून वर बघायचे. पान गळालेल्या जागी डोळा असतो, त्यावर बोट फिरवायचं. फुगला का? नाही. द्राक्ष एवढ्या दिवसांत फुटलं असतं. मग वाटलं, घरात ऊन कमी पडतंय. कुंडी उचलायची माझ्या कंबरेत ताकद नाही, म्हणून पोत्यावर चढवून ओढत अंगणात नेली. उन्हाचा तडाखा बघून दुपारी परत आत ओढली. फरशीवर दुधाचे डाग काळे पडले होते, त्यात आता पोत्याचे फराटे.

"त्याला जरा निजू द्या," मालकीण म्हणायची. "आजाऱ्याला एवढं कुणी हलवतं का?"

पाण्याचंही कळेना. पान नाही तर पाणी पिणार कोण? जास्त झालं तर मुळी कुजेल, नाही घातलं तर वाळेल. मी तांब्या घेऊन उभा राहायचो आणि तसाच परत ठेवायचो. जास्तच जीव घाबरला की नखानं साल खरवडायचो. पांढरा थेंब यायचा. जित्तं हाय, असं म्हणून मी दोन घास खायचो. संध्याकाळी पुन्हा वाटायचं, दूध आधीचं असेल.

मधे सुनेचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, झाड दाखवा की."

मी फोन वर छताकडं केला. "बघ, पंखा कसा मोकळा फिरतोय."

ती हसली. म्हणाली, "आईच्या कार्याला मावशी विचारत होत्या, झाड अजून आहे का म्हणून. मी सांगितलं, छताला टेकलंय."

मालकीण माझ्याकडं अशी बघत होती की पलीकडून नातवाचा आवाज आल्याबरोबर मी फोन तिच्या हातात दिला. खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ते यायच्या दिवशी सकाळी मला एका खुंटावर, खालच्या अंगाला, लाल ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा, टोकदार.  द्राक्षाचा डोळा फुटताना कापसासारखा पांढरा दिसतो. तांबूस डाग म्हणजे सड. बाकीच्या दोन खुंटांना तर नखानं आता दूधही येत नव्हतं. ही सड बुडात उतरली तर सगळंच गेलं. डागाच्या खालून कापलं तर निदान चार बोटं लाकूड हाती राहील. मी कात्री काढली. धार पुसली. दोनदा लावली आणि दोनदा मागं घेतली. आयुष्यात कापताना माझा हात कधी थांबला नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. पोरं ओरडत आत आली आणि खुंट बघून जागीच थबकली. मागून सून आली, हातात पिशवी तशीच होती.

"मामा, थांबा."

"सड लागली गं. खालनं काढतो."

"कात्री द्या इकडं."

मी दिली. ती गुडघ्यावर बसली, खुंटाजवळ तोंड नेऊन बघितलं. "सड नाही ही. फुटवा आहे. रबराचा असाच लाल येतो, आत पान असतं."

"लाल?"

"लालच." मग इकडं तिकडं बघत म्हणाली, "शेंडे कुठंयत? बादलीत ठेवलेत ना?"

तिच्या आईनं फांदी बाटलीतच लावून दिली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. कापलेल्या शेंड्याला पाण्यात मुळं फुटून नवं झाड होतं; द्राक्षाची काडी मी स्वतः हजारदा लावली आहे.

"घंटागाडीत दिले," मी म्हणालो.

 ती ओढणीनं डोळे पुसत राहिली. मालकिणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिथंच उभा होतो. एवढ्या खालून का कापलं, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, खरड छाटणी अशीच असते. ते मी आजही म्हणतो. फूट आलीच ना!

पण फूट एकाच खुंटाला आली. दोन वाळले. कात्री तिनं आपल्या कपाटात ठेवली. त्या लाल टोकातून पान निघालं, मागून दुसरं निघालं, आणि मला मात्र ते दोन वाळके खुंट दिसत राहिले. वाळलेलं लाकूड वेळेवर काढलं नाही तर मर खाली उतरते, मग जित्ती फांदीही जाते. हे मला कळत होतं आणि कात्री मागायला तोंड उघडत नव्हतं. रोज सकाळी बघायचो, काळं किती खाली आलं.

एका रविवारी तिनं नवी पानं पुसली. मग कपाट उघडल्याचा आवाज आला.

"मामा, इकडं या. कुठून कापू? बोट ठेवा."

मी एका वाळक्या खुंटावर बोट ठेवलं. तिनं ते धरून थोडं वर सरकवलं. "एवढं खाली नको."

 तिनं कापलं. आत काळंच होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बोट उचललं आणि पुन्हा पहिल्या जागी ठेवलं.

तिथं कापल्यावर दुधाचा थेंब आला.