प्रेस शॉपला नवा रंग

रविवारी सकाळी दादा मला गाडीवर नगर नाक्यापर्यंत सोडायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "आज कोणती डिग्री?" शनिवारी दुपारी इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, रविवारी एमबीए. दोन्ही एकाच वेळी, हल्ली करता येतं तसं. कॉलेज सिडकोत, आम्ही राहायला रांजणगावला. माझा आठवड्यातला एकुलता एक सुट्टीचा दिवस त्यात जायचा आणि वहिनी म्हणायची, "बाई, लग्नाचं वय चाललं आणि तू दप्तर घेऊन फिरती." दादा मात्र प्रेस शॉपभर सांगत सुटलेला, "आमच्या बहिणीला एक डिग्री पुरत नाय. लई भूक हाय तिला."

आम्ही दोघं वाळूजच्या एकाच कंपनीत. तो प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्यावर दाब देऊन गाड्यांचे भाग काढतात तिथं, लाइनचा म्होरक्या. मी पहिल्या मजल्यावर प्लॅनिंगमध्ये, काचेआड. लासूर स्टेशनहून आधी तो आला, मग त्यानं मला आणलं. माझं इंजिनिअरिंग त्याच्या ओव्हरटाइमवर झालं. हे तो कधी बोलून दाखवत नाही, म्हणून त्याच्याशी भांडण काढलं की सुरुवातीलाच माझी बाजू लंगडी पडते. तरी मी भांडते. माझी जीभ गप बसत नाही.

दोन्ही अभ्यासक्रमांना शेवटी एकेक प्रोजेक्ट होता. कॉलेजच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, विषय एकच घे. एकीकडं मशीन बघ, दुसरीकडं धंदा. म्हटलं, वा, काम अर्धं झालं. मी आपला प्रेस शॉपच निवडला. परवानगी मागायला प्लांटच्या मोठ्या साहेबांकडं गेले तर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "कर की," म्हणाले. "फक्त पुढच्या वर्षांचं काही मांडत बसू नको. आज आहे तेवढं लिही." मी खुशीत बाहेर पडले. जिना उतरताना ते बोलणं पुन्हा मनात आलं, पुढच्या वर्षांचं का नको?

मग मी बघायला लागले, आणि नको ते दिसायला लागलं. प्रेसच्या क्लचचे लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, झिजलेले. मागणी पाठवली की ती सही न होता परत यायची. बाकी सगळ्या शॉपमध्ये जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं मारले, रंगारी प्रेस शॉपच्या दारापर्यंत आला आणि वळून गेला. नवीन मॉडेलचे डाय, म्हणजे साचे, आले ते थेट दुसऱ्या प्लांटला. पाण्याचा कूलर बंद पडला तो पडलाच. पोरं घरून बाटल्या आणायची आणि कंपनीला शिव्या द्यायची, पण हसत. दादा म्हणायचा, "मोठ्या घरात असंच असतं, एखाद्या खोलीकडं दुर्लक्ष होतं."

शनिवारच्या सरांनी शिकवलं होतं की मशीन एकदम मरत नाही. वंगण, सुटे भाग, देखभाल, एकेक गोष्ट थांबत जाते आणि तरीही ती काही काळ उत्तम माल देते. रविवारच्या सरांनी शिकवलं की जो धंदा पुढं न्यायचा नाही त्यात पैसा घालू नका. निघेल तेवढं काढून घ्या आणि वेळेवर बाहेर पडा. याला ते हार्वेस्ट म्हणायचे. आमच्या घरी सुगी झाली की पुढच्या पेरणीची बोलणी सुरू होतात. या सरांच्या सुगीनंतर काहीच नव्हतं, मोकळं रान. वर्गात बाकीचे लिहून घेत होते. मला मात्र परत आलेली ती मागणी आठवली. नुसतं शनिवारचं शिकले असते तर मी म्हटलं असतं, देखभालीचा ढिसाळ कारभार. नुसतं रविवारचं शिकले असते तर म्हटलं असतं, छान नफ्यात आहे शॉप. दोन्ही एकत्र ठेवल्यावर दुसरा अर्थच निघत नव्हता. प्रेस शॉप बंद होणार होता.

मी एचआरच्या मॅडमला सरळ विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "अशा अफवा तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी पसरवू नयेत. तुमचं स्वतःचं कन्फर्मेशन व्हायचंय ना अजून?" आवाज इतका गोड की मला आइस्क्रीम खाऊन दात शिवशिवतात तसं झालं. नाही असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

नेमकं त्याच दिवसांत दादाला शेंद्र्याहून बोलावणं आलं. त्याचा जुना सुपरवायझर तिथल्या एका नव्या कंपनीत गेला होता. त्याला प्रेसवरचा जाणता माणूस हवा होता. जागा एकच, आणि दसऱ्याच्या आत हो की नाही सांगायचं. वय चाळीसच्या पुढं गेलेल्या माणसाला वाळूजमध्ये आता कोण नव्यानं घेतं? सगळीकडं कंत्राटी पोरं. मला वाटलं, देवच पावला. आणि हा गडी म्हणतो कसा, "कायम नोकरी सोडून शेंद्र्याला? शहर ओलांडून रोज? येडी का खुळी तू?"

त्या संध्याकाळी आमची जुंपली. वहिनी भाकरी थापत होती, ती तशीच हात थांबवून बसली. मी सगळं सांगितलं. लायनर, पिवळे पट्टे, डाय, एचआरच्या मॅडमचं दार.

"कागद हाय का तुझ्याकडं? साहेबानं सांगितलं का तुला?"

"साहेब सांगतील का दादा? सांगायच्या दिवशी गेटला कुलूप असेल!"

"तोंड सांभाळ. तिथंच खातो आपण."

"खातोय म्हणूनच बोलते ना! तुझ्या लायनरला पैसे नाहीत हे दिसत नाही तुला?"

"दोन दोन पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी रडले. रागानं रडले. ज्या माणसानं मला शिकवलं त्यालाच माझ्या शिकण्यावर विश्वास नव्हता, याचं मला इतकं लागलं की वहिनीनं वाढलेलं ताट मी तसंच ठेवलं.

त्यानंतर तो रविवारी मला सोडायला यायचा, पण कोणती डिग्री ते विचारत नव्हता. नगर नाक्याला उतरवून तसाच गाडी वळवायचा.

खंडेनवमी जवळ आली. आमच्याकडं वाळूजमध्ये त्या दिवशी मशीनची पूजा असते. आदल्या दिवसांत प्रत्येक शॉप आपापली मशीन धुऊन पुसून लख्ख करतो आणि कोणाची जास्त चमकते यावरून पैजा लागतात. त्या वर्षी स्टोअरमधून प्रेस शॉपला हिरव्या रंगाचे डबे आले. कोणी मागितले नव्हते. पोरांना आनंद झाला. रंगाऱ्याला हात लावू न देता त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः सगळ्या प्रेस रंगवल्या, दादा सगळ्यात पुढं. घरी आला तेव्हा त्याच्या केसांतही हिरवा रंग होता.

"बघितलं?" तो म्हणाला. कित्येक दिवसांनी हसला होता. "बंद करायचा असता तर रंग दिला असता का?"

आमच्या गल्लीत कोणाला जुनी गाडी विकायची असली की तो आधी ती धुऊन पॉलिश मारून आणतो. वंगणाला पैसे नाहीत आणि रंगाला आहेत, याचा दुसरा अर्थ मला लागत नव्हता. पण त्याचा तो हसरा चेहरा बघून मला बोलवेना. वहिनीला तेवढं हळूच म्हटलं, शेंद्र्याला नाही म्हणू देऊ नको, दसऱ्यापर्यंत तरी थांबव. ती म्हणाली, "माझं कुठं ऐकतेत ते."

पूजेच्या सकाळी प्रेस शॉपमध्ये झेंडूच्या माळा, हळदकुंकू, उदबत्तीचा धूर. सगळे अनवाणी. नव्या रंगाचा वास फुलांच्या वासापेक्षा जास्त होता. दादानं म्होरक्या म्हणून मोठ्या प्रेससमोर नारळ फोडला, पाणी तिच्या पायाशी शिंपडलं, डोकं टेकवलं. बुंदीची पाकिटं वाटणं सुरू झालं. मीही वरून खाली आले होते. तो इतका निवांत दिसत होता की क्षणभर मलाच वाटलं, चुकले असेन मी. देवा, चुकलेलीच असू दे मी.

तेवढ्यात मोठे साहेब आले. बरोबर दोन पाहुणे, डोक्यावर कोरी हेल्मेट, पायात बूट तसेच. कोणी त्यांना बूट काढा म्हणालं नाही. त्यांतल्या एकानं माळ जरा बाजूला सारली आणि नखानं प्रेसचा रंग खरवडून खाली काय आहे ते बघितलं. मी हातातलं बुंदीचं पाकीट घट्ट आवळलं. माझ्या शेजारचा पोरगा अजून हसत होता.

"चालवून दाखव रे," साहेब दादाला म्हणाले.

पूजा झाल्यावर त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. साहेबांना ते माहीत होतं, दर वर्षी तेच सगळ्यांना सुट्टी जाहीर करायचे. दादानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, मग प्रेसला हात लावून तो हात कपाळाला नेला आणि बटण दाबलं. माळेसकट प्रेस धडधडली. झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या. झिजल्या लायनरवर त्यानं असा काही पत्रा काढून दाखवला की पाहुणे खूश झाले.

"बढिया," एक म्हणाला. "फाउंडेशन कितना गहरा है? उठाने में दिक्कत तो नहीं आएगी?"

"नहीं साब," दादा अभिमानानं म्हणाला. "बोल्ट खोल दो, हायड्रा क्रेन लगाओ, आराम से निकलती..."

आणि तो तिथंच थांबला.

पाहुण्यानं मान हलवली, काहीतरी मोबाइलवर टिपलं. साहेब दादाकडं न बघता त्यांना घेऊन पुढच्या प्रेसकडं गेले. पोरांचं हसणं हळूहळू बंद झालं. दादानं मशीन बंद केली, फडक्यानं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि माझ्याकडं आला. त्याचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण सगळे बघत होते.

"दादा, शेंद्र्याला आत्ता फोन लाव," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"सकाळीच नाय म्हणून सांगितलं गं मी त्यांना," तो म्हणाला. "मन दोन्हीकडं ठेवून पूजेला कसं बसायचं, म्हणून."