मुस्यूचे खालचे सूर

मुस्यू माणसाच्या डोळ्यांत बघत नसे, ओठांकडे बघत असे. आपण बोलत असताना त्याची नजर आपल्या तोंडावर अशी खिळलेली असायची, की जेवणाचं काही ओठाला लागून राहिलंय की काय, अशी शंका यावी. बायकांना ते मुळीच आवडत नसे. फ्रेंच माणूस, त्यांची रीत असेल, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. मुस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये 'साहेब', पण त्याच्याबद्दल आदरार्थी बोलायची माझी आजही तयारी नाही.

मस्कतमध्ये आम्हा हौशी वादकांचा एक वाद्यवृंद होता. दिवसभर मी इमारतींच्या एअर कंडिशनिंगची कामं बघायचो आणि संध्याकाळी व्हायोलिन घेऊन तालमीला जायचो. खडकीला लष्कराच्या बँडमध्ये असलेल्या वडिलांनी ते शिकवलं होतं. आमचा खर्च उचलणाऱ्या अर्बाबाने, म्हणजे तिथल्या धनिकाने, गेल्या दशकाच्या मध्यावर या नामवंत संगीतकाराला बोलावलं आणि आमच्यासाठी नवी रचना करायला सांगितली.

स्वतःची कहाणी तो आवडीने सांगे. बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. तरुणपणी पॅरिसमध्ये मुस्यूने इतक्या उंच सुरांच्या रचना केल्या, की ऐकणाऱ्यांना काच फुटल्यासारखं वाटे. चाळिशीनंतर त्या मधल्या सुरांवर उतरल्या. आमच्याकडे आला तेव्हा साठी उलटली होती आणि खर्जातल्या चेलो, डबल बास व मोठ्या ढोलापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं. "तरुण माणूस आभाळ बघतो, म्हातारा समुद्राचा तळ बघतो," असं तो म्हणे. मुलाखती घेणारे माना डोलवत.

एकदा मी त्याला ओमानमधल्याच सूर नावाच्या बंदरगावी घेऊन गेलो. तिथे लाकडी गलबतं बांधतात. सुतारांच्या हातोड्यांचे ठोके तो डोळे मिटून तासभर ऐकत बसला. परतताना म्हणाला, "तुमच्या या देशात एकच उणीव आहे. पक्षी गात नाहीत." मस्कतच्या अझैबा भागातल्या त्याच्या बंगल्यात पोचलो, तर दारातल्या झाडावर बुलबुलांनी कल्लोळ मांडला होता. मला तो त्याचा माज वाटला.

माज होताच. लॉर्नाशी तो जसा वागला, त्याला दुसरा शब्द नाही. लॉर्ना वसईची, एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. ती आमच्यात पिकोलो वाजवायची, म्हणजे दीड वितीची बासरी. मुस्यूच्या नव्या रचनेत उंच सूर एकच होता, अगदी शेवटी, पिकोलोचा, फुंकर घातल्यासारखा हळू. लॉर्ना तो वाजवी आणि मुस्यू हात वर करी.

"कुठे आहे?"

"सर, वाजवला ना."

"तू नुसते गाल फुगवतेस. पुन्हा."

आम्हाला तो सूर स्वच्छ ऐकू येई. आमच्यातल्या चेलोवाल्याने तसं सांगितलंही. मुस्यू म्हणाला, "हौशी कानांना हवादेखील सूर वाटते." आठवडाभर हेच चाललं. शेवटी सगळ्यांसमोर त्याने तिला पिकोलो पेटीत ठेवून ती बंद करायला लावली. "मुली, तुझ्यात दम नाही. खलास." ती जागा त्याने चेलोला दिली. लॉर्ना परत आली नाही. छातीत काही दोष आहे का, ते ती डॉक्टरकडेही तपासून आली. हॉटेलचा करार संपल्यावर ती वसईला निघून गेली.

पुढे हॉलमधल्या तालमीत माइक लावताना स्पीकरमधून एक तीक्ष्ण शिट्टी निघाली. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मुस्यू त्या स्पीकरशेजारीच उभा होता. त्याने शांतपणे पान उलटलं आणि चिडून विचारलं, "का थांबलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या बंगल्यावर गेलो.

"लॉर्ना वाजवत होती," मी म्हणालो. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

त्याने माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. "आणखी कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

तो खुर्चीत बसला. "वरचे सूर एकेक करून गेले. जे उरले ते मी लिहीत गेलो. लोक त्याला माझी शैली म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही. हा शेवटचा सूर तेवढा आठवणीतून लिहिला."

"मग तिला तेवढं सांगा. एक फोन करा."

"ती तरुण आहे. तिला दुसरं काहीतरी सापडेल. मला काय सापडणार?"

त्या एका क्षणी त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी वाद्यवृंद सोडला आणि का सोडला, ते सगळ्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवला, कुणी नाही. कार्यक्रम झाला, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. पुढच्या महिन्यात मुस्यू फ्रान्सला गेला आणि त्याच्या खालच्या सुरांची कीर्ती वाढतच गेली. नाही म्हणायला, सूर संपल्यावरही व्हायोलिनचा गज तारांवरून लगेच उचलू नये, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. अजून नेमाने पाळतो. त्याचाही राग येतो.

लॉर्नाला हे फोनवर सांगायचं नव्हतं. सुट्टी मिळताच वसईला गेलो. तिच्या आईने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. लॉर्नाने विचारलं,

"म्हणजे दादा, तो सूर निघत होता?"

"दर वेळी निघत होता."

तिने दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "चर्चवाले अजून विचारतात, वाजवतेस का म्हणून," ती म्हणाली. "मी सांगते, माझ्यात दम नाही. पिकोलो तर मी ईस्टरलाच देऊन टाकला. मी स्वतःच."