आगबोटीवरून उतरताना

माझ्या नवऱ्याचा खोकला पावसाळा सरला तरी हटत नव्हता. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर समुद्राच्या हवेत राहा. म्हणून कापूस घरात आल्यावर आम्ही दोघं जऊळक्याहून रेल्वेनं निघालो आणि मुंबईच्या धक्क्यावर कोकणात जाणाऱ्या आगबोटीत चढलो. तोवर नदीच्या पुराहून मोठं पाणी मी पाहिलं नव्हतं.

उतरायचं गाव लहान, शांत होतं. हवापालटाला लोक तिथे खोल्या घेऊन राहत. पण बोट लागेल असा धक्काच नव्हता. आगबोट किनाऱ्यापासून लांब थांबली, भोंगा झाला, आणि एक पडाव, म्हणजे मोठी होडी, येऊन तिला भिडला. त्या दुपारी वारा सुटला होता. पडाव लाटेबरोबर आगबोटीच्या दारापर्यंत वर यायचा आणि लगेच पुरुषभर खाली जायचा. वर आला की पाय टाकायचा.

खलाशांनी आमच्या ह्यांना धरून खाली उतरवलं. माझी पाळी आली आणि पाय जागचे हलेनात. लाट आली, गेली. पुन्हा आली, गेली. मागचे उतारू कुरकुरले, मग मला बाजूला सारून स्वतः उतरले. भोंगा पुन्हा वाजला.

"राहू द्या," बोटीवरचा कारकून म्हणाला. "पुढच्या बंदरात उतरा. उद्याच्या बोटीनं परत या."

ह्यांनी ते खालून ऐकलं. "थांब तू तिथंच! उडी नोको मारू!" एवढं ओरडले आणि खोकल्याची उबळ आली. पडावाची कड धरून ते वाकले. आजूबाजूला सगळी परकी माणसं. औषधाची बाटली माझ्या गाठोड्यात.

पडावातला खलाशी दोर सोडायला लागला.

"थांबा," मी म्हणाले. "मले उतरू द्या."

त्यानं वर पाहिलं. "पाण्याकडे बघू नको, बाय. माझ्याकडे बघ. सांगेन तेव्हाच ये."

गाठोडं पाठीशी बांधलं, ओचा खोचला. तो "ये!" म्हणाला आणि मी गेले. पाय कडेवर पडला, घसरला. पडाव आणि आगबोट यांच्यामध्ये गुडघ्यापर्यंत पाय गेला. पुढची लाट येत होती. खलाशानं दंडाला धरून मला आत ओढलं, आणि पाठोपाठ लाकडावर लाकूड आदळलं. मी पोत्यांवर पडले. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या होत्या.

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "मी नाई म्हनलं होतं ना? काहून आली?"

"तुमाले औषध कोन देनार होतं?"

ह्यांनी मनगटातल्या काचा काढल्या. उपरण्यानं माझं मनगट बांधलं, चारचौघांत, आणि किनारा येईपर्यंत हात सोडला नाही.

महिनाभरात खोकला पुष्कळ उतरला. परत निघताना मात्र हे मला आगबोटीचं नावही काढू देईनात. आम्ही बैलगाडीनं घाट चढलो, हाडं खिळखिळी झाली. मला बोटीनंच यायचं होतं.