लव्हाळ्याचं पाणी

राई गावात सरूबाईची पाच वाफ्यांची वाडी. बाकीची जमीन भावकीनं कधीच इमारतवाल्याला देऊन टाकली, हा तुकडा तेवढा तिनं धरून ठेवला. विहिरीचं पाणी पाटानं आधी वांग्याला, मग माठाच्या भाजीला. कुठल्या वाफ्याचं तोंड कधी फोडायचं आणि कधी मातीनं बुजवायचं हे तिच्या पायाला ठाऊक, बघावंसुद्धा लागत नसे. सकाळी भाजीची टोपली घेऊन केबिन रोडला विकायला बसायचं, दुपारी परतायचं. बावन्न वर्षांची झाली तरी हेच.

पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि पुन्हा रक्त दिसायला लागलं. तिनं ते टोपलीच्या ओझ्यावर ढकललं. वर्षभर ढकललं. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कळलं, गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर आहे. पंचवीस दिवस लाईट घ्यायची, म्हणजे किरणांचा शेक. सगळे दिवस पुरे झाले तर गाठ जाईल, अशी आशा होती. सरूबाईला रडूबिडू आलं नाही. कंटाळा आला.

"बाय, येवरासा जंतू," तिनं तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्याचा येवरा गोळा कसा झाला?"

बाईंनी कागदावर गोल काढला. "मावशी, हा विषाणू कधीतरी तरुणपणी शिरतो. बहुतेक बायकांच्या अंगातून आपोआप निघून जातो, तुमच्यात राहिला. पेशीत बसून तो आपली प्रथिनं बनवून घेतो. त्या प्रथिनांनी पेशीचा लगाम सुटतो, ती वाढतच जाते. आता वाढायचं तर रक्त पाहिजे. मग तीच प्रथिनं पेशीला सांगावा धाडायला लावतात, इकडे रक्त आणा म्हणून. शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात, आणि ते थेट गाठीत जातात."

"म्हंजे दुसऱ्याचा पाट फोरून आपल्या वाफ्यात पानी घेतंय."

"अगदी तसंच."

"आमचा शेजारी लवू बी हेच करतो," नवरा राघो म्हणाला. "त्याला कनची लाईट हाय काय?"

बाई हसल्या. सरूबाई हसली नाही. तिचं डोकं वाडीत गेलं होतं.

घरी आल्यावर तिनं ठरवलं, आपण पाणी तोडायचं. रक्तच नाही मिळालं तर गाठ पिणार काय? सुकट सोडली, गूळ सोडला, भाकरी अर्ध्यावर आणली. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या रोज एकेक वांग्याच्या बुडात पुरल्या. राघो म्हणायचा, "जेव गो जरा." ती म्हणायची, "मना मलमलतंय." शेकानं मळमळतं हे त्यानं ऐकलं होतं, म्हणून तो आग्रह करत नसे.

दर आठवड्याला रक्त तपासायचे. हिमोग्लोबिन साडेनऊवरून पावणेआठ झालं. चौदा शेक झाले त्या दिवशी सात निघालं, आणि बाईंनी लाईट थांबवली.

"मावशी, खरं सांगा. गोळ्या घेताय?"

सरूबाईनं सांगून टाकलं. लपवायलाही अंगात जोर लागतो.

बाई कपाळाला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "किरणांचं काम रक्तातल्या प्राणवायूवर चालतं. रक्त कमी तर शेक वाया. आणि गाठ गुदमरली की आणखी जोरात सांगावा धाडते, आणखी फाटे फुटतात. तुम्ही शेतातल्या ना? पाणी तोडल्यावर वाफ्यात पहिलं काय सुकतं?"

सरूबाईनं मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. कातडी वांग्याच्या वाळल्या पानासारखी झाली होती.

"वांगी सुकतात," ती म्हणाली. "लव्हाल्याचं तन न्हाय सुकत. त्याच्या गाठी खाली जित्या रव्हतात."

"मग तो लव्हाळा कसा काढता?"

"पानी सोरायचं, माती मऊ करायची, मंग खनून काराचा."

त्याच दिवशी खाटेवर निजवून तिला रक्ताची बाटली लावली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. सोमवारपासून लाईट पुन्हा सुरू झाली. अकरा बाकी होत्या. मध्ये गेलेल्या दिवसांनी काय बिघडलं ते शेवटच्या तपासणीत कळेल, बाई म्हणाल्या. त्यांनी उगाच धीर दिला नाही, ते सरूबाईला बरं वाटलं.

घरी आल्यावर तिनं राघोला गोळ्यांचं सांगितलं. त्यानं वांग्याच्या वाफ्याकडे पाहिलं.

"मी बोलतंय, औंदा वांगी अशी टरारली कशी."

"उद्या तोर आन् भाजी कर," ती म्हणाली. "माजीच गोली हाय ती."

त्यानं भाजलेली सुकट आणि अख्खी भाकरी पुढं ठेवली. तिला नको होती. घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. ती भिंतीला टेकली, पाण्याचा घोट घेतला, आणि तो घास खाली उतरवून दुसरा मोडला.