बरकत, दोन, तीन

महेबूबचाचांच्या तोंडून ‘एक’ हा आकडा मी कधी ऐकला नाही. कळंबच्या आडत बाजारात ते मापाडी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही मापाड्यांची जुनी रीत. चाचा ‘बरकत’ म्हणायचे. “बरकत, दोन, तीन, चार...” हा त्यांचा खणखणीत सूर बाजारामागच्या माझ्या खोलीपर्यंत यायचा. इथवर ठीक होतं. पण ही सवय त्यांच्याबरोबर घरीही गेली होती. मुली किती? “दोन.” आणि मुलगे? “बरकत.” मी पडले शाळेतली बाई. अंकगणिताचे हे हाल मला बघवेनात. एकदा मुद्दाम विचारलं, “चाचा, दुपारी बारानंतर घड्याळात किती वाजतात हो?” चाचा गंभीरपणे म्हणाले, “तवा म्या जेवत असतो बाई. घड्याळाकडं बघत न्हाय.”

मी कळंबला रुजू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. बाजारात दाणा येईना. हमाल खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. चाचांचे गुडघे अधू, त्यांना ते जमणारं नव्हतं. ते रोज ठरल्या वेळी यायचे, तराजूच्या साखळ्या पुसायचे, वजनं ओळीनं मांडायचे आणि रिकाम्या ओट्यावर बसून राहायचे.

त्याच ओट्याखाली मला ते पिल्लू सापडलं. आई कुठे गेली कुणास ठाऊक. डोकं तेवढं मोठं, बाकी नुसत्या बरगड्या. मी त्याला खोलीवर आणलं आणि माझ्या मायेला ऊत आला. गूळ घातलेलं दूध, दुधात कुस्करलेली भाकरी, शेजारणीला दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, हाताला लागेल ते त्याच्या पुढ्यात. आठवड्यात पोट कसं टम्म झालं! मी तोऱ्यातच त्याला चाचांकडे घेऊन गेले.

“चाचा, वजन करा बरं याचं. बाळसं धरलंय बघा कसं!”

धान्याच्या पारड्यात कुत्रं बसवणं शक्यच नव्हतं. चाचांनी एका फाटक्या पोत्याची झोळी केली आणि तराजूच्या दांडीला अडकवली. सव्वा किलो भरलं. पण त्यांचं लक्ष दांडीकडे नव्हतंच. पोत्यातला माल वरवर न बघता ते कोपरापर्यंत हात खुपसून बघत. तशीच त्यांनी पिल्लाच्या पाठीवरून, बरगड्यांवरून सावकाश बोटं फिरवली.

“बाई, ह्ये वजन न्हाय. ह्यो बोजा हाय.”

“म्हणजे?”

“वजन पाठीला येतंय. ह्येची पाठ बगा, निस्ती करवत. आन् प्वाट नगाऱ्यावानी. प्वाटात जंत असत्याल.”

मला रागच आला. माझ्या बाळशाला जंत म्हणणारे हे कोण? मी पिल्लू उचललं आणि तरातरा निघून आले. चौथ्या दिवशी त्याला हगवण लागली, आणि पाचव्या दिवशी ते मान उचलेना. मी शाळेला दांडी मारली, त्याला पदरात गुंडाळून ओट्यावर गेले आणि चक्क रडायला लागले. ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं चाचा चुकूनही म्हणाले नाहीत. त्यांनी काठी घेतली आणि आमची वरात जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी आधी जुलाबाचं औषध दिलं, जरा सावरल्यावर जंताचं देऊ म्हणाले. गूळ बंद, दाट दूध बंद. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा भरवा.

“थोडं म्हणजे किती?” मी विचारलं.

चाचा म्हणाले, “त्ये माझ्यावर सोडा सायेब. माप माझंच काम हाय.”

त्या दिवसापासून रिकामा ओटा पुन्हा चालू झाला. मी शाळेत जाताना रेशनच्या तांदळाची पातळ पेज ठेवून जायची. चाचींकडे त्या वर्षी उरलेली एकुलती एक कोंबडी होती. तिच्या उकडलेल्या अंड्यातला अर्धा तुकडा चाचा अधूनमधून कागदात बांधून आणायचे. पिल्लाची लाळ अंगाला लागली तर नमाजाआधी सगळं धुवावं लागे, म्हणून त्यांनी लांब दांड्याचा चमचा शोधून काढला होता. पिल्लूही बेरकी, नेमकं त्यांच्याच पायांवर येऊन झोपायचं. “पान्याचा दुकाळ, आन् ह्यो गुलाम मला दोनदा पाय धुवाया लावतोय!” चाचा कुरकुरायचे, पण पाय मात्र काढून घ्यायचे नाहीत.

“बरकत, दोन, तीन, चार, पाच. बास.”

पिल्लू वाटीकडे बघत तोंड उघडं टाकून बसलेलं. माझा जीव तुटायचा. “द्या ना हो अजून एक!”

“तोंड उघडं हाय तवरच हात थांबवायचा, बाई. मिटस्तवर घातलं तर उद्या उघडत न्हाय.”

पाव शेराचं इवलंसं माप ते चिपटं, म्हणून चाचांनी त्याचं नाव चिपटं ठेवलं. दर रविवारी सकाळी, पोटात काही जायच्या आत, चिपट्याचं वजन व्हायचं. एका रविवारी वजन वाढायच्या ऐवजी उतरलं; रात्रभर चिपट्याला पुन्हा जुलाब झाले होते. चाचांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “चोरून घातलं व्हय?” मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी, मान खाली घालून म्हटलं, “अर्धीच भाकरी.” त्यानंतर मी त्यांच्या मापाबाहेर गेले नाही.

एकदा एक आडते तिथून जाताना थांबले. “महेबूब, माणसं उपाशी अन् कुत्र्याला अंडं?”

मी ओशाळले. चाचा झोळी सारखी करत म्हणाले, “शेटजी, औंदा माझ्या काट्यावर चढतंय आसं ह्ये येवढंच हाय. चढू द्या की.” आडते पुढे निघून गेले. पुढच्या रविवारी वजन बघायला मात्र तेही येऊन उभे राहिले.

महिनाभरानं चाचांनी पाठीवरून बोटं फिरवली आणि हसले. “करवत बुजली, बाई. आता हाताला अंग लागतंय.” त्या दिवशी चिपट्याचं मापटं झालं, म्हणजे अर्धा शेर. पुढच्या साली सुगी झाली, बाजारात ज्वारीच्या राशी पडल्या, आणि राशींची राखण करणाऱ्या त्या दांडग्या कुत्र्याला चाचा ‘शेर’ म्हणू लागले. मापाचा शेर की जंगलातला, असं मी विचारलं. “दोनी,” चाचा म्हणाले.

पुढे माझी बदली मुरुमला झाली. शेर म्हातारा होऊन, बाजारातच, भरल्या पोटी गेला. चाचांच्या ओट्यावर आपणच आकडा दाखवणारा नवा काटा आला. त्याला मोजणाऱ्या सुराची गरज नव्हती. चाचा आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मी एसटीनं कळंब गाठलं. चाची दारातच म्हणाल्या, “तीन दिस झाले बाई, घास घेईनात. जो येतोय त्यो खा खा म्हनतोय, आन् ह्ये तोंड फिरवत्यात.”

आत चाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बोटांना करवत लागली. चुलीवर पातळ पेज केली, वाटीत घेतली, आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेत लहान मुलाला सांगावं तसं म्हटलं, “हं चाचा, एक.”

ओठ घट्ट मिटलेले.

“एकच, चाचा.”

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. अंकगणिताचा राग आल्यासारखं बघितलं. आणि मला माझी चूक कळली.

“बरकत,” मी म्हटलं.

तोंड उघडलं. मग दोन, तीन, चार आणि पाच.

“बास,” मी म्हटलं आणि वाटी खाली ठेवली. वाटीत पेज अजून उरली होती, आणि चाचांचं तोंड उघडंच होतं.