घोरपडीला बघायला आलेली माणसं

सुदुंबऱ्याचा नथू सर्पमित्र आहे, असं त्याच्या मोटारसायकलच्या मडगार्डवर लिहिलंय. लिहून घेतलं त्यानंच. धरले त्यात धामणीच जास्त, आणि एकदा नाग निघाला तेव्हा आधी कोण पळालं यावर अजून वाद आहे, हेही तोच हसत सांगतो. घोरपडीची गोष्ट काढली की मात्र आधी उजवा अंगठा पुढं करतो.

प्लॉटचा बांध उकरताना जेसीबीनं तिची शेपटी फाटली होती. वनखात्याच्या माणसांनी पशुवैद्य अनघा मॅडमकडून टाके घालून घेतले आणि जखम भरेपर्यंत तिला नथूच्या शेडमधल्या पिंजऱ्यात ठेवलं. नथूची कॉलर ताठ झाली. पण घोरपड काही खाईना. अंडं तसंच, उंदीर तसाच. आपल्या हातून ही मरणार, या विचारानं नथूच्याच घशाखाली भाकरी उतरेना.

त्यात आजारी जीवाला बघायला जाणं ही मावळातली रीतच. रखमाजीआबा बिस्किटाचा पुडा घेऊन आले. मग आळीतल्या बायका, मग अख्खं भजनी मंडळ. नथू बॅटरी मारून प्रत्येकाला दाखवायचा. घोरपडीनं गळा फुगवून फुस्स केलं की म्हणायचा, "दम लागतोय बिचारीला." शेपटी आपटली की, "ताकद येतीया." तिनं कोपऱ्यात तोंड खुपसलं, तर आबांना म्हणाला, "लाजली!"

शेवटी त्यानं मॅडमना फोन लावला.

"डोळे आत गेलेत? तोंडाला फेस? अंग ढिलं पडलंय?"

"न्हाई मॅडम. पर फुसफुसती लय."

"मग ती आजारी नाही नथूभाऊ, वैतागलीय. तिच्याजवळ कोण असतं?"

"समदं गाव येतंय की!" नथू अभिमानानं म्हणाला. "मग एवढ्या माणसांसमोर ती खाणार कशी?" मॅडमनी विचारलं, आणि नथूला सगळं कळलं. इतके गाढव आपण एकट्यानं कसे झालो, गावानंही हातभार लावला असणार, असं त्यानं मनाचं समाधान करून घेतलं.

पिंजऱ्याला गोणपाटाचा पडदा लागला. गावाला अडवणं सोपं गेलं. पडद्याच्या फटीतून सारखा डोकावणारा नथू होता, त्याला त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, हाताला धरून बाहेर काढलं. सकाळी अंडं गायब होतं. नथूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

जखम भरल्यावर वनखात्याच्या माणसांसोबत तो तिला डोंगराकडं सोडायला गेला. सगळं नीट झालं होतं. पण एवढं केलं आपण, शेवटचा एक हात फिरवावा म्हणून नथू वाकला, आणि तिनं त्याचा अंगठा दातांत धरला. मग सोडून दिला आणि झुडपात गेली. एकदाही मागं वळली नाही.

अंगठा टम्म सुजला, टाके पडले, ताप भरला. संध्याकाळपर्यंत आबा बिस्किटाचा पुडा घेऊन हजर. पाठोपाठ आळीतल्या बायका, पाठोपाठ भजनी मंडळ. "कसा धरला, दाव की!" म्हणत कुणीतरी बॅटरी मारली. नथूनं भिंतीकडं तोंड केलं आणि गोधडी डोक्यावरून ओढली.

मुक्ताबाईनं शेडमधलं गोणपाट आणून खोलीच्या दाराला टांगलं. भाताची ताटली आत सरकवली आणि सगळ्यांना ओसरीवर आणून बसवलं.

"आजारी न्हाईत ते," ती म्हणाली. "वैतागल्यात. कुनी बघत नसलं की खात्याल."