एका आउटची चौकशी

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॉलनीत शुक्रवारी सकाळी बेसबॉल असतो. फिलिपिनो वेल्डरांनी तो सुरू केला. पुढे साहेब लोकांना त्यात चषक दिसला. माझा खोलीतला सोबती, रत्नागिरीकडचा, अंपायर होता. नियमांचं पुस्तक त्याला पाठ होतं. धावा मी लिहायचो.

त्या सकाळी चषकाच्या सामन्यात आमचे पुण्याचे मॅनेजर निर्णायक धाव पुरी करायला होम प्लेटकडे धावत आले. पोट आधी, ते मागून. प्लेटला पाय टेकायच्या आत तिथे उभ्या कॅचरचा चेंडू धरलेला हात त्यांच्या खांद्याला लागला. सोबत्याने आउट दिलं.

"अरे, नीट बघितलंस का?"

"साहेब, खांद्याला लागलं ते माझ्याआधी तुम्हालाच कळलं असणार."

सगळे हसले. हसण्याची क्षमा साहेब लोकांकडे नसते.

आमच्या कारखान्यात पाइपला ओरखडा गेला तरी चौकशी समिती बसते. तशी या आउटवरही बसली. कुणाच्या तरी मोबाइलवरचं चित्रण मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा चालवलं. त्यात ऐन वेळी समोर एक टोपी आलेली. चार इंजिनियर त्या टोपीचा अभ्यास करत राहिले.

दोन बैठका झाल्या. तिसरीच्या आधी सोबती पाळीवर असताना छाती धरून खाली बसला, तो उठला नाही. त्याला इथेच दफन केलं. त्याच्या मरणाची चौकशी एका ओळीत आटोपली. आउटची मात्र तिसरी बैठक ठरल्या वेळी झाली आणि मॅनेजर सेफ, म्हणजे नाबाद, ठरले.

ते स्वतः कागद घेऊन माझ्याकडे आले. "अहो, तुम्ही वाचणारे, समजूतदार. स्कोअरर म्हणून सही करा, खलास. आता भांडायला तोही नाही."

कागदावर 'अंपायरचं म्हणणं' असा रकाना होता. पुढे टाइप केलेलं: उपलब्ध नाही. पहिल्या दोन्ही बैठकांना तो दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून होता. कुणी आत बोलावलं नव्हतं.

मी ते दोन शब्द खोडले. वर लिहिलं: आउट.

"हे काय?"

"त्याचं म्हणणं."

सही केली नाही. दुसऱ्या दिवशी नवा कागद छापून त्यांनी दुसऱ्याची सही घेतली. चषक हातात घेतलेला मॅनेजरांचा फोटो आता कँटीनच्या दारावर आहे. मी डबा खोलीवर नेऊन जेवतो.